किल्लारीची पहाट आणि परिचारिकेचे शिक्षण

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांतून गणरायाला निरोप देऊन माणसे रात्री उशिरा घरी परतली आणि गाढ झोपी गेली. पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना धरणी हादरली. ६.२ तीव्रतेचा तो धक्का जगाच्या तुलनेत फार मोठा नव्हता. पण त्या भागातील घरे दगडाच्या रुंद भिंतींची, मातीच्या चिखलात रचलेली, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर घातलेली होती. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. शासकीय आकडेवारीनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे १६ हजार जखमी झाली आणि ५२ गावे नव्याने वसवावी लागली.

या भूकंपाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. घरबांधणी, जागतिक बँकेचे साहाय्य, स्थलांतर, शासनाची तत्परता या सर्वांची नोंद झालेली आहे. त्या मानाने एका प्रश्नाकडे कमी लक्ष गेले. ढिगाऱ्याशी सर्वप्रथम कोण पोहोचले आणि त्यांना काय येत होते, हा तो प्रश्न. मोठ्या भूकंपात जिवंत बाहेर काढली जाणारी बहुसंख्य माणसे पहिल्या काही तासांतच, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातांनी निघतात, हा जगभरचा अनुभव आहे. सैन्यदले, डॉक्टरांची पथके, यंत्रसामग्री हे सारे त्यानंतर येते. किल्लारी परिसरातही तसेच घडले. कुदळ, पहार, पाटी आणि उघडे हात घेऊन गावकरी आपल्याच माणसांना शोधत होते. पुढे पाऊस आला, चिखल झाला, आणि बघ्यांच्या वाहनांनी रस्ते अडविले. जखमींना लातूर, उमरगा आणि सोलापूरकडे नेण्यात आले.

सपाट प्रदेशात साधारण ५,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा शासनाचा निकष आहे. तेथे नेमलेली परिचारिका, म्हणजे गावाच्या भाषेत ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’, ही गावातील एकमेव प्रशिक्षित आरोग्यसेविका असते. अशा आपत्तीत ती स्वतःही त्याच ढिगाऱ्याखाली असू शकते, किंवा तिची मुले असू शकतात. ती वाचली, तर तिच्यासमोर एकाच वेळी शेकडो जखमी असतात, आणि हाताशी असते ती एक पेटी, थोडा कापूस व काही गोळ्या. रुग्णालयाच्या वॉर्डात एका खाटेवर एक रुग्ण, अशा हिशेबाने मिळालेले शिक्षण अशा पहाटे अपुरे पडते.

आपल्या समाजाच्या स्मरणात किल्लारीचे एक वेगळे स्थान आहे. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलालजी मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. वाघोलीचा शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प त्यातूनच नावारूपास आला. घर आणि आप्त गमावलेल्या मुलांना जेवण, वह्यापुस्तके आणि छप्पर देणे ही पहिली पायरी. रात्री दचकून उठणाऱ्या, खोलीचे दार बंद करू न देणाऱ्या, बोलणेच बंद केलेल्या मुलाचे काय करावे, ही त्यापुढची. आपत्तीनंतर अशी मुले कोठेही आढळतात आणि त्यांना सांभाळणे हे शिकावे लागते, ही जाणीव त्या काळात आपल्याकडे नुकतीच रुजत होती.

आपत्ती आणि परिचर्या यांचे नाते तसे जुने आहे. आधुनिक परिचर्येचा जन्मच १८५४च्या क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात झाला, असे मानण्याची प्रथा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा कंदील सर्वांना ठाऊक असतो. पण जखमांपेक्षा घाण पाणी, कोंदट हवा आणि तुंबलेली गटारे यांनीच अधिक सैनिक मरतात, हे आकड्यांनी सिद्ध करणारी त्यांची वही तितकी ठाऊक नसते. महाराष्ट्रात १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि पाठोपाठ पुण्यात हाहाकार उडाला. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या साहाय्याने हडपसरनजीक ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. रुग्णांना आणता-आणता त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. कोणत्याही परिचर्या विद्यालयाची पायरी न चढलेल्या या माउलीने केलेले काम आजच्या परिभाषेत सामुदायिक आरोग्य परिचर्याच होय. मात्र त्या कथेत त्यागाइतकीच एक दुसरी गोष्टही आहे. सेवा करणाऱ्याचे स्वतःचे संरक्षण कसे व्हावे, हे तेव्हा कोणी शिकवत नव्हते.

पुढे १९१८ साली दिल्लीत लेडी रीडिंग हेल्थ स्कूल सुरू झाले. भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला, १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. सहायक परिचारिका-प्रसविकांचे अभ्यासक्रम, प्राथमिक आरोग्य केंद्रे, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी अशी वाटचाल होत राहिली. परिचारिका गावात गेली ती बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन आणि हिवतापाच्या कामासाठी. या काळात महाराष्ट्राने १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटताना पाहिले, ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर उद्ध्वस्त होताना पाहिले. दोन्ही वेळा परिचारिका राबल्या. तरीही त्या अनुभवांचा पाठ्यक्रम झाला नाही. प्रथमोपचाराची त्रिकोणी पट्टी कशी बांधावी एवढे शिकवून आपत्तीचा विषय संपत असे. आपत्ती ही दैवी आणि क्वचित येणारी गोष्ट असल्याने तिचे शिक्षण कसले द्यायचे, असा काहीसा समज त्यामागे असावा.

किल्लारीनंतर हा समज टिकणे कठीण झाले. २६ जानेवारी २००१च्या कच्छ भूकंपात तर भूजचे सार्वजनिक रुग्णालयच कोसळले आणि ज्युबिली मैदानावर उघड्यावर जखमींवर उपचार करावे लागले. रुग्णालय ही जागा नसून माणसे आणि त्यांचे कौशल्य आहे, हे भूजने फार कठोरपणे सांगितले. २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी आणि २६ जुलै २००५चा मुंबईतील जलप्रलय लागोपाठ आले. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने पुन्हा बळी घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. शालेय पुस्तकांत आपत्ती आली, यशदासारख्या संस्थेत त्यासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले, आणि परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमातही आपत्तीकालीन परिचर्येला स्थान मिळाले.

या शिक्षणात विद्यार्थिनीला सर्वांत जड जाणारा धडा असतो तो ‘ट्रायेज’चा. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ निवड किंवा वर्गवारी असा आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे यांनी हुद्दा न पाहता जखमेची निकड पाहून सैनिकांवर उपचार करण्याची रीत घातली, तेथून या विचाराचा उगम सांगितला जातो. १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ ही पद्धत आज जगभर शिकवली जाते. चालू शकणाऱ्या सर्वांना आधी एका बाजूस बोलवायचे, त्यांना हिरवी पट्टी. उरलेल्यांत श्वास मिनिटाला ३०हून अधिक आहे का, नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत येतो का, साधी सूचना समजते का, एवढेच पाहायचे. यांपैकी एकात जरी बिघाड आढळला तर लाल पट्टी, अन्यथा पिवळी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल तर काळी. एका माणसामागे अर्ध्या ते एका मिनिटापेक्षा अधिक वेळ द्यायचा नाही.

ऐकताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रात्यक्षिकाच्या वेळी एकोणीस-वीस वर्षांच्या मुली काळ्या पट्टीपाशी अडखळतात. वॉर्डात त्यांना शिकविलेले असते की, सर्वांत गंभीर रुग्णाकडे सर्वप्रथम धाव घ्यावी. येथे सांगितले जाते की, वाचण्याची शक्यता नसलेल्यापाशी थांबू नये, कारण तेवढ्यात शेजारचा वाचू शकणारा जातो. आणि जोरजोराने ओरडणारा बहुधा सर्वांत गंभीर नसतो. जो गप्प पडून आहे त्याच्याकडे आधी पाहावे. जीवमात्रावर दया करण्याची शिकवण पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या आपल्या समाजालाही हा प्रश्न सहज सुटणारा नाही. चांगल्या शिक्षिका या ठिकाणी घाई करीत नाहीत. काळी पट्टी म्हणजे टाकून देणे नव्हे, तर लाल पट्टीवाले हलविल्यावर पुन्हा येऊन पाहणे, पांघरूण घालणे आणि कोणाला तरी त्याच्याजवळ बसविणे होय, हे त्या मुलींना समजावून देतात. हे न समजावता केवळ चार रंग पाठ करून घेतले, तर परीक्षेत गुण मिळतात आणि प्रसंगी हात गोठतात.

ढिगाऱ्याखाली दीर्घकाळ दबलेल्या माणसाविषयी आणखी एक गोष्ट शिकवली जाते. चिरडलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये सुटका होताच रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बाँबहल्ल्यांनंतर १९४१ साली बायवॉटर्स यांनी याचे वर्णन केले. बाहेर काढलेला, बोलणारा, पाणी मागणारा माणूस काही तासांनी वा दिवसांनी दगावतो तो यामुळे. म्हणून सुटकेपूर्वीच शिरेतून द्रव सुरू करणे आणि पुढे त्याच्या लघवीचे प्रमाण व रंग पाहत राहणे, हे परिचारिकेचे काम ठरते.

पण सामुदायिक आरोग्य परिचारिकेचे खरे काम पहिल्या दिवसानंतर सुरू होते, आणि ते फारसे नाट्यमय नसते. छायाचित्रकार गेलेले असतात. तात्पुरत्या निवाऱ्यांत हजारो माणसे एकत्र राहतात आणि विहिरीचे पाणी हाच जीवनमरणाचा प्रश्न होतो. विद्यार्थिनींना येथे गणित करावे लागते. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर पाणी सुमारे २८,२६० लिटर भरते. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम या साधारण मानाने सुमारे ७० ग्रॅम लागते. पाणी गढूळ असेल तर अधिक. पावडर कोरडी न फेकता बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडायचे, पोहऱ्याने ढवळायचे आणि तासाभराने क्लोरीन तपासायचे. तपासणीत पिवळा रंग उमटला नाही तर पुन्हा मात्रा द्यायची. जुन्या, ओलसर पोत्यातील टीसीएलमध्ये दम राहिलेला नसतो, ही गोष्ट पुस्तकापेक्षा उपकेंद्रातील जुनी सिस्टर अधिक चांगली सांगते. मदतकार्याचे जागतिक निकष माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक शौचकूप असे सांगतात. शौचकूप कोठे खणायचा, रात्री तेथे उजेड असेल का, बायका तेथे जातील का, हे मात्र निकषात बसत नाही. ते बायकांना विचारावे लागते, आणि ते विचारू शकते ती परिचारिकाच.

त्या गावात नऊ महिन्यांची गरोदर स्त्री असते, तिची तारीख भूकंपामुळे पुढे ढकलली जात नाही. क्षयरोग्याच्या गोळ्या ढिगाऱ्यात गेलेल्या असतात. मधुमेही, फेफरे येणारे, अंथरुणाला खिळलेले वृद्ध असतात. तान्ह्या बाळाची आई दुःखाने दूध आटल्याचे सांगते आणि मदतीच्या गाडीतून आलेला दुधाच्या भुकटीचा डबा तिच्या हाती पडतो. अशुद्ध पाण्यात कालवलेली ती भुकटी बाळाला अतिसाराच्या दारात नेते. आईला धीर देऊन, पोटभर जेवू घालून पुन्हा अंगावर पाजायला लावणे हे तेथे कोणत्याही औषधापेक्षा मोलाचे ठरते.

येथे दात्यांच्या दृष्टीने एक कटू गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे, आणि स्मरणिकेच्या पानांवर ती अस्थानी ठरू नये. १९८८च्या आर्मेनियातील भूकंपानंतर जगभरातून सुमारे ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य तेथे पोहोचले. त्यांपैकी जेमतेम ३० टक्के सहज ओळखता येण्याजोगे होते आणि ते वर्गवार लावण्यास ५० माणसांना सहा महिने लागले. त्या अनुभवातून पुढे १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुदत संपत आलेली, अनोळखी भाषेतील, अर्धवट वापरलेली औषधे पाठवू नयेत, गरज विचारून पाठवावीत, असे त्यांत सांगितले आहे. आपल्या परंपरेत चार दानांमध्ये औषधदानाची गणना होते. ते देताना पात्राचा विवेक सांगितला आहेच. औषधाच्या पेटीवरील तारखेचाही विवेक त्यात यायला हरकत नाही. जुन्या कपड्यांच्या ढिगांविषयीही असेच म्हणता येईल. परिचर्येच्या विद्यार्थिनींना आता मदतसाहित्याची नोंद व वर्गवारी शिकवतात, आणि नम्रपणे नकार कसा द्यावा हेही शिकवावे लागते.

किल्लारी परिसरात मृतांचे सामूहिक दहन करण्यात आले. त्या पावसात आणि त्या संख्येपुढे दुसरा मार्ग सुचणे कठीण होते; त्याबद्दल आज कोणाला दोष देणे योग्य नाही. परंतु प्रेतांमुळे साथी पसरतात या भीतीपोटी सर्वत्र जी घाई केली जाते, तिला शास्त्राचा आधार फारसा नाही, हे पुढील काळात तज्ज्ञांनी स्पष्ट केले. आघाताने मेलेल्या माणसाच्या देहातून सहसा साथ पसरत नाही. साथ पसरते ती जिवंतांच्या दूषित पाण्यातून आणि गर्दीतून. ओळख पटविल्याशिवाय दहन झाले, तर मागे राहिलेल्यांच्या हाती मृत्यूचा दाखला नसतो, आणि मनाला शेवटचे दर्शनही नसते. म्हणून देहाला क्रमांक देणे, छायाचित्र घेणे, अंगावरील खुणा व वस्तू लिहून ठेवणे ही कामे आता शिकविली जातात. ही कामे कोवळ्या वयाच्या मुलींना शिकवावीत का, यावर मतभेद आहेत. पण न शिकवता ती करावयास लावणे हे अधिक निर्दयपणाचे होईल.

मनाच्या जखमांविषयीचे शिक्षण मागाहून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका प्रसिद्ध केली. पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे ही तिची तीन सूत्रे. ‘रडू नका, देवाची इच्छा’ असे म्हणण्याची आपली सवय येथे मोडावी लागते. दुःखिताला खोदून-खोदून हकीकत विचारू नये, तो बोलला तर ऐकावे, त्याच्या नातलगांचा पत्ता लावून द्यावा, एवढेच. मदत करणाऱ्यालाही झोप, जेवण आणि बोलायला माणूस लागतो, हेही त्यात आले.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने जागतिक आरोग्य संघटनेसमवेत २००९ साली आपत्ती परिचर्येच्या क्षमतांची चौकट मांडली आणि २०१९ साली तिची सुधारित आवृत्ती आली. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या पदवी अभ्यासक्रमातही हा विषय आहे. कागदावर, म्हणजे, उणे फारसे उरलेले नाही. उणे आहे ते वर्गात. पुष्कळ ठिकाणी आपत्तीचा भाग सत्राच्या अखेरीस, उरलेल्या तासांत उरकला जातो. रंगीत तालीम होते ती आधी तारीख जाहीर करून, मंडप घालून, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देऊन. लाल रंग फासलेले जखमी ठरल्या जागी निजतात, रुग्णवाहिका ठरल्या वेळी येते, आणि टाळ्यांच्या गजरात कार्यक्रम संपतो. त्यात फोन लागत नाही असे होत नाही, रस्ता तुटत नाही, स्ट्रेचर कमी पडत नाही. तालमीनंतर ‘काय चुकले’ यावर तासभर बसून बोलणे हा तिचा खरा गाभा आहे, आणि नेमका तोच बहुधा गाळला जातो.

याउलट जेथे शिक्षिका विद्यार्थिनींना क्षेत्रकार्यासाठी दत्तक गावात नेतात, तेथे चित्र वेगळे दिसते. नेहमीच्या घरभेटींतच गावाचा एक नकाशा तयार होतो. ओढा कोठे, पूररेषा कोठवर, शाळेची इमारत उंचावर आहे की सखल जागी, टेंपो कोणाकडे, पोहणारे कोण, विजेची मोटर नसतानाही पाणी देणारी विहीर कोणती. त्यासोबत एक यादीही होते. गरोदर स्त्रिया किती आणि कितव्या महिन्यात, डायलिसिसवर कोण, एकटे वृद्ध कोण, चालू न शकणारे कोण. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात शिरले आणि घराघरांतून माणसांना होड्यांनी बाहेर काढावे लागले, तेव्हा अशी माहिती हाताशी असणे आणि नसणे यांतील अंतर कळून आले. पुढच्याच वर्षी कोरोना आला. ढिगारा नसलेल्या त्या आपत्तीत सावित्रीबाईंच्या वेळचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि अंगावर संरक्षक पोशाख कसा चढवावा, त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कसा उतरवावा, हे परिचारिकांना काही दिवसांत शिकावे लागले.

अशी यादी दर सहा महिन्यांनी बदलते. गरोदर स्त्री बाळंत होते, वृद्ध मुलाकडे शहरात जातो, नवी सून येते, पूल बांधला जातो. त्यामुळे जुन्या तुकडीने केलेला नकाशा नव्या तुकडीच्या हाती देऊन तिला पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करावयास सांगतात, आणि मुली पेन्सिल व खोडरबर घेऊन दारोदार फिरतात.